चार दात, दोन ठिपके

आमच्या घरच्या जुन्या वह्या मोडीत आहेत. लाल बासनात बांधलेल्या, कडेनं कसर लागलेल्या, उघडल्या की हिंगाच्या जुन्या डबीसारखा वास येणाऱ्या. पणजोबा नांदेडला तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीचं काम उर्दूत, घरचा हिशेब मोडीत. दोन्ही लिप्या त्यांनी सोवळ्या-ओवळ्यासारख्या वेगळ्या ठेवल्या होत्या, फक्त एक जागा सोडून. १३४३ फसलीच्या, म्हणजे १९३३-३४ सालच्या वहीत एका पानावर सालगड्याचं नाव मोडीत आहे, त्यापुढे एकच शब्द उर्दूत, मग ३ हा आकडा, आणि खालच्या ओळीत पुन्हा मोडीत ‘बेबाक’. बेबाक म्हणजे हिशेब फिटला.

तो उर्दू शब्द मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अकरा वर्षांचा होतो. दिवाळीची साफसफाई चालली होती आणि बासनं ओट्यावर उन्हात टाकली होती. अक्षर म्हणून मला त्यातलं काहीच कळलं नाही, पण चित्र म्हणून लक्षात राहिलं: उजवीकडून करवतीसारखे चार दात, चौथ्या दाताखाली शेजारी-शेजारी दोन ठिपके, आणि मग ओळीखाली घसरत गेलेली एक शेपटी.

“आबा, हे काय आहे?”

आबांनी, म्हणजे आजोबांनी, चष्मा कपाळावर चढवला. जवळचं वाचायला ते चष्मा काढत. “सीन, ये, रे,” ते म्हणाले. “पहिले तीन दात सीनचे, चौथा येचा, शेपटी रेची. शेर. तीन शेर. धान्य दिलं असेल गड्याला.”

विषय तिथंच संपायचा. पण संध्याकाळी सरदारजी आले.

सरदारजींचं गाव पंजाबातल्या माळव्याकडचं, भटिंड्याच्या बाजूचं. गुरुद्वाऱ्यात सेवेसाठी म्हणून तरुणपणी नांदेडला आले ते इथलेच झाले. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि आबांसाठी येणारं उर्दू वर्तमानपत्र आधी स्वतः वाचत. एका शिखानं उर्दू पेपर वाचावा याचं मला लहानपणी फार नवल वाटे. त्यात नवल काही नव्हतं. १८४९ला इंग्रजांनी पंजाब घेतला, त्यानंतर थोड्याच वर्षांत तिथल्या कचेऱ्या आणि शाळा उर्दूत चालू लागल्या, त्या १९४७पर्यंत. सरदारजींच्या पिढीला गुरुमुखी पाठापुरती आणि उर्दू बाकी सगळ्यासाठी. देवनागरी त्यांना शेवटपर्यंत आली नाही. बसची पाटी ते मला वाचायला लावत.

त्यांनी वहीतला शब्द पाहिला आणि म्हणाले, “मास्टरजी, ये सेर नहीं है. सीर है. हमारे यहाँ जो खेत में साझा करता है ना, सीरी, उसका सीर. तीसरा हिस्सा.”

आबा हसले. पण त्यांनी वही मिटली, हे मला आठवतं. आणि बासन त्या दिवशी जरा लवकरच कपाटात गेलं.



आबांचं उर्दू शाळेतलं. निजामाच्या राज्यात घरी मराठी बोलणारी पोरं शाळेत उर्दूतून भूगोल शिकत. १९१८ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दूतून शिकवणारं. वैद्यकी, गणित, कायदा, सगळं उर्दूत. आबा तिथवर पोचले नाहीत, पण शाळेत त्यांनी फार्सी घेतली होती, आणि फार्सी शिकवणारे मौलवीसाहेब हे आबांच्या गोष्टींतलं कायमचं पात्र. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर आबा मराठीचे मास्तर झाले. तरी पाढे ते मनातल्या मनात उर्दूतच म्हणत. भाजीवाल्याचा हिशेब करताना ओठ हलत, तेव्हा कळे.

मौलवीसाहेबांची पहिली छडी या ‘ये’वरून बसली होती म्हणे. फार्सी-उर्दूत शब्दाच्या मध्ये येणारा ये हा एकच अक्षर, पण त्याचा ‘ई’ही वाचता येतो, ‘ए’ही आणि ‘ऐ’ही. शब्दाच्या शेवटी आला तर उर्दूत धाकटा ये आणि थोरला ये असा फरक दिसतो. मध्ये आला की दोघांचा एकच दात. वर-खाली जेर-जबर लावून उच्चार दाखवता येतो, पण मोठी माणसं ते लावत नाहीत. जेर-जबर म्हणजे पोरांच्या सायकलीची बाजूची चाकं. तेव्हा सीन-ये-रे या एका चित्रात तीन शब्द दडतात: सीर, सेर आणि सैर.

सैर आपल्याला ठाऊक आहे. मूळ अरबी. उर्दूत फिरायला जाणं, मजेनं हिंडणं. दिल्लीला मेहरौलीत भरणारी ‘फूलवालों की सैर’ ती हीच. सरदारजीही रोज पहाटे गोदावरीच्या घाटावर ‘सैर’ करत.

सेरचे दोन अर्थ. उर्दू-पंजाबीत वजन, आणि फार्सीत तृप्त, पोट भरलेला. उर्दूतला ‘सैराब’, म्हणजे पाण्यानं तृप्त झालेली जमीन, तो याच घरातला.

सीर म्हणजे फार्सीत लसूण.

मोडी वाचणारे आपण यावर हसू नये. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, कान्यामात्र्यांची घाई आहे, आणि जमिनीच्या कज्जात मोडी जाणकार उभा राहिला की दोन्ही बाजूंचे वकील खूश असतात. पण मोडीत ए आणि ई तरी वेगळे दिसतात. इथं तेही नाही.



मौलवीसाहेब ‘ई’ला मारूफ म्हणत आणि ‘ए’ला मजहूल. मारूफ म्हणजे ओळखीचा, मजहूल म्हणजे अनोळखी. आबांना हे नाव फार आवडे. हा ‘ए’ अनोळखी कुणाला? तर अरबांना. त्यांच्या भाषेत तसा लांब ए नव्हता, त्यामुळे त्यांच्या लिपीत त्याला स्वतःचं अक्षर नव्हतं. फार्सीनं लिपी अरबांची घेतली, आणि स्वतःच्या घरातला स्वर स्वतःच्याच घरात अनोळखी म्हणून राहू लागला.

पुढची गंमत आबांना ठाऊक नव्हती, मला पुण्यात कळली. इराणात हा अनोळखी ए गेल्या काही शतकांत नाहीसाच झाला, तो ई मध्ये विरघळला. काबूलला आणि ताजिकांकडे तो टिकला, आणि टिकला हिंदुस्थानात. म्हणजे नांदेडच्या शाळेत छडीच्या धाकानं पाठ केलेली फार्सी तेहरानच्या रस्त्यावरच्या फार्सीपेक्षा जुन्या उच्चाराची होती.

या सीनवर तीन ठिपके चढवले की तो शीन होतो, आणि तोच खेळ पुन्हा. शीर म्हणजे दूध, आपल्या शिरखुर्म्यातलं. शेर म्हणजे सिंह. लिहायला दोन्ही अगदी एक. मौलाना रूमींनी ‘मस्नवी’च्या पहिल्या भागात वाण्याच्या पोपटाची गोष्ट सांगताना याच जोडीचा दाखला दिला आहे. पोपट तेल सांडतो, वाणी त्याला मारतो, पोपटाच्या डोक्यावरची पिसं जातात. मग एक दिवस रस्त्यानं मुंडन केलेला फकीर जाताना पाहून पोपट ओरडतो, तूही तेल सांडलंस की काय? आबा ही गोष्ट टक्कल पडलेल्या कुणाही पाहुण्यासमोर सांगत. आजी आतून पातेलं आपटे.

इराणात आज शीर म्हटलं की दूधही, सिंहही आणि न्हाणीतला नळही. महाराजा रणजितसिंगांना ‘शेर-ए-पंजाब’ म्हणत. तो किताब सबंध फार्सीतला, ‘पंज’ आणि ‘आब’सकट. त्यांच्या दरबाराचं लिहिणंही फार्सीतच चाले. तोच किताब आज तेहरानच्या एखाद्या पोरानं कागदावर पाहिला तर पंजाबचं दूध असंही वाचू शकेल. हे मी सरदारजींना एकदा सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, “वो भी ठीक है. दूध भी वहाँ का मशहूर है.”

हे सरदारजींनी हसण्यावारी नेलं, तरी रणजितसिंगांबद्दल ते सहसा थट्टा करत नसत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची, हजूर साहिबची, आजची इमारत १८३२ ते १८३७ या काळात त्यांच्याच मदतीनं उभी राहिली. निजामाचा दिवाण चंदूलाल मूळ पंजाबी खत्री घराण्यातला, त्याच्या काळात पंजाबातून शीख शिपाई इकडे आले आणि इथंच राहिले. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला देह ठेवण्याआधी तीन वर्षं औरंगजेबाला जे पत्र लिहून गेले, ‘जफरनामा’, तेही फार्सी पद्यात. म्हणजे आमच्या ओट्यावर पंजाबी, फार्सी, उर्दू आणि मराठी एकत्र बसत ते काही नवं नव्हतं. गावाची सवयच ती.



पुण्यात शिकायला होतो तेव्हा आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर इराणी विद्यार्थी राहत. पुण्यात ते बरेच असत. मार्चमध्ये त्यांचा नवरोज आला. मला जेवायला बोलावलं. टेबलावर ‘स’नं सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडल्या होत्या: सफरचंद, व्हिनेगर, उगवलेल्या गव्हाचं हिरवं तबक, आणि एका बशीत सोललेल्या लसणाचा अख्खा गड्डा. सफरचंद म्हणजे सीब, लसूण म्हणजे सीर. मी जन्मात पहिल्यांदा देवघरासारख्या मांडणीत लसूण पाहिला. आमच्या आजीनं पाहिला असता तर तिथून उठून गेली असती.

जेवण झाल्यावर आबांची फार्सी आठवून मी ऐटीत म्हटलं, “सेर शुदम.” पोट भरलं. तो मुलगा दोन क्षण बघतच राहिला. मग त्याला उलगडलं. म्हणाला, तू पुस्तकातल्या माणसासारखा बोलतोस. आम्ही सीर म्हणतो. लसूणही सीर, पोट भरणंही सीर, निळा रंग गडद असला तर तोही सीर, आणि कंटाळा आला, जीव विटला, तरी सीर.

मग मी त्याला वहीतला शब्द कागदावर काढून दाखवला. दात, ठिपके, शेपटी, पुढे तीन. त्यानं पटकन वाचलं: “लसूण, तीन.”

मी हसलो. तो म्हणाला, किंवा वजन असेल. इराणातही सीर नावाचं जुनं वजन आहे, साधारण पंचाहत्तर ग्रॅमचं. चाळीस सीर म्हणजे एक मन. मी चमकलो, कारण आपल्याकडेही चाळीस शेरांचा मण. पण आपला इंग्रजी अमदानीतला पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, ९३३ ग्रॅमच्या आसपास, आणि मण सदतीस किलोंच्या वर. त्यांचा मन तबरीजचा, तीन किलोंचा. नाव तेच, चाळिसाची पटही तीच, आणि वजनात बारा पटींची तफावत. शब्दाबरोबर पाढा प्रवास करून आला, तागडी मात्र तिथंच राहिली.

शेराचा मराठीत श कसा झाला, हेही सांगून टाकतो. आपल्या जिभेला इ-ए यांच्या आधी स टिकवणं जड जातं. हिंदीत सींग, आपलं शिंग. हिंदीत सेज, आपली शेज. तसाच सेरचा शेर झाला. त्यामुळे ‘शेराला सव्वाशेर’ म्हणताना निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे तागडी असते आणि निम्म्यांच्या पुढे आयाळ. पंजाबात नेमकं उलटं. गुरुमुखीच्या मूळ पस्तीस अक्षरांत श नाहीच, तो स च्या पायाशी ठिपका देऊन करतात. खेड्यातली जुनी माणसं तो ठिपका लिहितही नाहीत आणि बोलतही नाहीत, आणि त्यांच्या तोंडी सिंह खुशाल ‘सेर’ होतो. आम्ही वजनाचा सिंह केला, त्यांनी सिंहाचं वजन.



आता सरदारजींचा सीर.

पंजाबात सीरी म्हणजे जमीनमालकाबरोबर वर्षभर शेतात राबणारा आणि पिकात ठरलेला वाटा घेणारा माणूस. तो बहुतेक भूमिहीन, बहुतेक दलित. कर्ज मालकाचंच, त्यामुळे वाटा हातात येईतो बराचसा वळता झालेला. तरी तो वाटेकरी. सरदारजी म्हणत, सीरी मालकाच्या विहिरीवरचं पाणी पिणार नाही अशी रीत असेल, पण खळ्यावर रास मोजताना तो उभा असणार. आपला सालगडी तसा नाही. त्याचं साल ठरतं, त्याला धान्य, कपडा, चपलेचा जोड मिळतो, आणि पाडव्याला साल संपतं. त्याला खळ्यावर उभं राहण्याचं कारण नाही. वाटा असतो तो बटईदाराचा.

म्हणजे त्या एका दाताचा उच्चार ए केला तर माणूस तीन शेर ज्वारी घेऊन गेला. ई केला तर तो पिकाच्या तिसऱ्या हिश्शाचा धनी होता.

१९५०ला हैदराबाद संस्थानचा कुळकायदा झाला. जुन्या फसली सालांत जमीन कोण कसत होतं, हे त्यात पाहत. नोकर म्हणून राबलेल्याला काही नव्हतं, कुळाला होतं. ओट्यावरच्या त्या संध्याकाळी कायद्याला तीस वर्षं होत आली होती, पण आबांनी वही का मिटली ते मला कळायला आणखी वीस वर्षं लागली. आबा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या वडिलांच्या हातचं अक्षर होतं आणि ते जसं शाळेत वाचायला शिकले तसं त्यांनी वाचलं. पण एक प्रश्न मला छळत आलाय. सगळी वही मोडीत असताना हा एवढाच शब्द उर्दूत का? मोडी गावात चार जणांना येत होती. उर्दू फक्त कचेरीतल्या माणसाला.

आबांच्या बाजूनंही बोलायला हवं. मराठवाड्यातल्या उर्दूत वाट्याला सीर म्हणत नसत. तो शब्द भटिंड्याचा. नांदेडच्या कारकुनाला तो कुठून ठाऊक असणार? यावर मी बरीच वर्षं निश्चिंत होतो.

मग एका निवृत्त महसूल अधिकाऱ्याशी बोलताना कळलं की उत्तर प्रदेशातल्या जुन्या जमीन-कायद्यात ‘सीर’ हा पक्का कायद्याचा शब्द होता. जमीनदारी जाईपर्यंत, म्हणजे १९५०-५२पर्यंत, तो चालला. निजामाच्या नोकरीत उत्तरेकडचे अधिकारी भरपूर होते. मुल्की आणि गैरमुल्की, म्हणजे इथले आणि बाहेरचे, हा तंटाच त्यावरून पेटला होता. एखाद्या लखनवी तहसीलदाराच्या तोंडून पणजोबांनी तो ऐकला असणं सहज शक्य. फक्त त्या सीरचा अर्थ सरदारजींच्या उलट. उत्तर प्रदेशात सीर म्हणजे मालकाची खास स्वतःच्या वहिवाटीची जमीन, जिच्यावर कुळाचा हक्क उभा राहूच शकत नाही.

तेव्हा स्वर ठरला तरी भांडण मिटत नाही. ‘सीर ३’ म्हणजे तिसरा हिस्सा याचा, किंवा तिसरं वावर माझं, खबरदार.



त्या सालगड्याचा नातू मला दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. माझ्याच वयाचा. तालुक्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलो. मी फोनवर काढलेला वहीतल्या पानाचा फोटो त्याला दाखवला, आजोबांचं नाव मोडीत आहे म्हणून. त्याला मोडीही येत नाही आणि उर्दूही. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चारी दात पडदाभर पसरले.

“हे करवतीचं पातं काय आहे?”

मी सांगितलं. शेर, सीर, तेवढ्यापुरतंच. लसणाचं सांगितलं तेव्हा तो हसला. मग म्हणाला, “आमची आजी एका वावराला तिसऱ्याचं वावर म्हणायची. तुमचंच होतं ते. आम्हाला वाटायचं, तिसऱ्या कुणाचं तरी असेल.”

आमच्या घरी त्याला तिसरं वावर म्हणत. विहिरीपासून तिसरं म्हणून, असं आबा सांगत. ७२च्या दुष्काळात आबांनी ते विकलं. आता तिथं कुणाचा तरी ऊस आहे.

परवा नांदेडला गेलो तेव्हा मुद्दाम गाडी थांबवून बांधावर उभा राहिलो. विहीर बुजली आहे, पण थारोळ्याचे दगड अजून दिसतात. ओढ्यापर्यंत चारच वावरं आहेत, जुने बांध तेवढे कायम. विहिरीकडून मोजलं तर ते दुसरं भरतं. ओढ्याकडून मोजलं तर तिसरं.